तुर्कूचा १४८८ चा मिस्साग्रंथ: लाल-काळं कसं छापलं, आणि एका धर्मप्रांतापुरतं पुस्तक कशाला?

धुळे_ग्रंथपाल

नमस्कार. मी धुळ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमच्याकडे मुद्रणाच्या इतिहासावर छोटं भित्तिप्रदर्शन करायचं घाटतंय. गुटेनबर्ग, गोव्यातला १५५६ चा छापखाना, सेरामपूर, गणपत कृष्णाजी ही नेहमीची मंडळी येणारच. त्यांच्या जोडीला काही न पाहिलेलं हवं म्हणून शोधत होते, तेव्हा 'मिस्साले अबोएन्से' सापडला. तुर्कू धर्मप्रांतासाठी, म्हणजे तिथल्या बिशपच्या अंमलाखालच्या प्रदेशासाठी (त्या गावाचं स्वीडिश नाव ऑबो), बिशप कोनराड बिट्झ यांनी छापून घेतलेला लॅटिन मिस्साग्रंथ, म्हणजे मिस्सा या कॅथलिक उपासनेचं पुस्तक, तारीख १७ ऑगस्ट १४८८. फिनलंडसाठी छापलेलं पहिलं पुस्तक हेच. पण छापलं जर्मनीतल्या ल्यूबेकला, बार्थोलोमेउस घोटान नावाच्या मुद्रकाने. पानं नेटवर बघायला मिळतात.

मला अडलेल्या गोष्टी अशा. फिनलंडचं पुस्तक ल्यूबेकला का? लाल आणि काळी अक्षरं एकाच ओळीत इतकी सरळ कशी बसवली, तेही लाकडी दाबयंत्रावर? आणि कॅथलिक चर्च एकच, पोप एकच, मग एका धर्मप्रांताला स्वतःचं वेगळं पुस्तक लागतंच कशाला? प्रदर्शन बघायला येणारी पोरं हेच विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

अमळनेरचा_जुळारी

ताई, नमस्कार. अमळनेरला खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उभा जन्म गेला माझा. ऑफसेट आलं, खिळे किलोच्या भावाने गेले, ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) कोणी उचलेना म्हणून अजून कोपऱ्यात उभं आहे. लॅटिनचा गंध नाही आणि फादर लोकांच्या विधीतलं कळत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र बोलणार, आणि लांबण लावणार. कंटाळा आला तर पुढे सरका.

नातवाने पानं मोठ्या पडद्यावर लावून दिली. बघितल्याबरोबर म्हटलं, ह्या माणसाला बिल चांगलं मिळालं असेल अशी आशा आहे.

लोक गुटेनबर्गच्या बायबलाला हात जोडतात. जोडावेत. पण जुळाऱ्याच्या डोळ्यांनी बघा: एक टाइप, दोन कॉलम, बहुतेक पानांवर ४२ ओळी, चालू मजकूर. स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, हातात घ्या आणि चालत सुटा. लाल मथळे त्याने सुरुवातीच्या थोड्या पानांवर छापून पाहिले आणि नाद सोडला. जागा कोरी ठेवली, लाल ज्याने त्याने हाताने भरून घ्यावं. शहाणा माणूस. एका पानाला दोनदा दाब द्यायचा म्हणजे मजुरी दुप्पट आणि वाया जाणारा कागद त्याहून जास्त.

मिस्साग्रंथात ही पळवाट नाही. त्यात काळं ते तोंडाने म्हणायचं, लाल ते करायचं. चार शब्द काळे, दोन लाल, पुन्हा काळे, मध्येच लाल क्रूस, म्हणजे इथे हाताने खूण करा. हे सगळं हाताने भरायला ठेवलं तर पाचशे वर्षांपूर्वीचा लेखनिक बरा होता, छापखान्याचं काय काम?

आता पद्धत. सगळ्यात देखणी म्हणजे १४५७ ची. माइन्झला फुस्ट आणि शॉफर या जोडीने स्तोत्रांचं पुस्तक छापलं. त्यातली मोठी अक्षरं लाल-निळी, नक्षीसकट. त्या अक्षराचे तुकडे सुटे करून, निरनिराळ्या शाया लावून, परत फर्म्यात, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या पानात, बसवून एकाच दाबात छापली असावीत असं बहुतेक जाणकार मानतात. करून बघावं असं काम आहे, पण रोज करावं असं नाही. असल्या कामावर पोट भरत नाही.

पुढे मिस्साग्रंथवाल्यांनी जी रीत बसवली ती अशी. पूर्ण पान जुळवायचं, लाल काळं सगळं एकत्र. फर्मा चेसमध्ये, म्हणजे खिळे धरून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळायचा. कागदावर आणखी एक चौकट येते, तिच्यावर जुना कागद किंवा कातडं ताणलेलं. त्याला फक्त लाल शब्दांपुरत्या खिडक्या कापायच्या. लाल शाई लावून दाबलं की खिडकीतून तेवढंच उतरतं, बाकी झाकलेलं. लाल झालं की फर्मा खोलून लाल शब्दांचे खिळे उपसायचे, तेवढ्याच रुंदीचं कोरं शिसं, आम्ही क्वाड म्हणतो, ते भरायचं, परत आवळायचं, आणि तोच कागद पुन्हा घालून काळं छापायचं.

ऐकायला सोपं आहे. पण छपाईला कागद ओला करून घ्यायचे, म्हणजे शाई धरते. ओला कागद ताणतो, वाळला की आक्रसतो. लाल आणि काळ्याच्या मध्ये तो वाळला तर मेलात. म्हणून कागदाला सुया टोचून पहिली भोकं पाडायची आणि दुसऱ्या वेळी त्याच भोकांत त्याच सुया घालायच्या. ट्रेडलवर आम्ही दोन रंगी पत्रिका काढायचो तेव्हा गणपती लाल आणि नावं निळी. गणपती जरा वर सरकला तरी गिऱ्हाईक काही म्हणत नसे. इथे ओळीच्या पोटातला एक शब्द लाल आहे! केसभर हलला की शेजारच्या काळ्या अक्षरावर चढला.

शाई म्हणजे जवसाचं तेल उकळून केलेलं रोगण. काळ्यासाठी त्यात काजळी, लालसाठी हिंगूळ. हिंगूळ आपल्या पोथ्यांतही आहे, ताई, तुमच्या धुळ्यात राजवाडे मंडळात पोथ्या बघाल तर पुष्पिका आणि 'उवाच' लाल दिसतील. तोच दगड. फक्त तिथे तो बोरूतून उतरतो, इथे लोकर भरलेल्या कातडी गोळ्याने खिळ्यांवर थापतात.

टाइपही एक नाही. मिस्साग्रंथाला मोठा, मधला असे टाइप लागतात, कारण मधला जो मुख्य भाग आहे तो मोठ्या अक्षरात असतो. प्रत्येक टाइपाची वेगळी केस, म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी, आणि वेगळा साठा. मोठ्या टाइपाचे खिळे थोडे असतात, चार पानं जुळवली की 'ई' संपतो. मग छापा, सोडा, खणात परत टाका, पुढची पानं घ्या.

संगीत असेल तर आणखी मजा, म्हणजे मजा बघणाऱ्याची. लाल रेघा, त्यावर काळे सूर. कित्येक मुद्रक रेघा छापून सूर हाताने लिहायला ठेवत, काही तर नुसती जागा सोडत. दोन्ही छापायचं धाडस रोममध्ये उलरिख हान याने १४७६ मध्ये केलं, आणि वुर्झबर्गला गेओर्ग रायझर याने १४८१ च्या मिस्साग्रंथात. हा रायझर बिशपनेच बोलावून ठेवलेला होता. बिशप म्हणजे आमच्या भाषेत बडं गिऱ्हाईक: कागदाची, खपाची काळजी नाही, पण चूक चालणार नाही.

ल्यूबेक आणि बाकीचं जाणकार सांगतील. माझं जेवण झालं नाही अजून.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

आप्पा, भारी सांगी राह्यनात!

मी कॅथलिक, बाप रेल्वेत, मूळ गाव गोव्याकडचं, जन्म भुसावळच्या क्वार्टरमधला. लहानपणी वेदीवर फादरच्या हाताखाली असायचो. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर थोडं सांगू शकतो.

आधी एक गोष्ट. मिस्साग्रंथ म्हणजे घरी वाचायचं प्रार्थनेचं पुस्तक नव्हे, वेदीवरचं पुस्तक. फादरने दिवसभरात म्हणायच्या प्रार्थनांचं पुस्तक, म्हणजे प्रार्थनाग्रंथ, वेगळं असतं. मिस्साग्रंथात मधोमध कॅनन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना. ती जवळजवळ बदलत नाही, आणि आप्पा म्हणतात तो मोठा टाइप तिथलाच. फादरचे हात पसरलेले असतात, पुस्तक वेदीवर लांब असतं, उजेड मेणबत्तीचा. तिथे बारीक अक्षर चालत नाही. हीच पानं सर्वात जास्त झिजतात. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं पानभर चित्र याच ठिकाणी असे आणि फादर पानाचं चुंबन घेत. चित्र पुसू नये म्हणून काही पुस्तकांत खाली वेगळा छोटा क्रूस काढून ठेवलेला असे, ओठ तिथे टेकवायला. बाकी पुस्तक कागदाचं आणि ही थोडी पानं चर्मपत्राची, असंही करत.

कॅननच्या आजूबाजूला वर्षभराचे रविवार आणि सण, मग संतांचे दिवस. सगळ्याच्या आधी कॅलेंडर. आणि धर्मप्रांताधर्मप्रांतात फरक पडतो तो इथे. पेत्र, पौल, मारिया सगळीकडे. पण तुर्कूचा स्वतःचा संत म्हणजे बिशप हेन्री. दंतकथा अशी की लाल्ली नावाच्या शेतकऱ्याने त्यांना गोठलेल्या तळ्यावर मारलं. या मिस्साग्रंथातल्या चित्रात हेन्री उभे आहेत आणि लाल्ली त्यांच्या पायाखाली. त्यांचा हिवाळी सण तुर्कू धर्मप्रांतात २० जानेवारीला आणि बाहेर इतरत्र १९ ला. शिवाय १८ जूनला उन्हाळी सण, त्यांच्या अस्थी हलवल्याच्या आठवणीचा. आता स्वीडनमधल्या उप्सालाचं पुस्तक तुर्कूच्या वेदीवर ठेवलं तर आपल्याच संताचा दिवस चुकणार. जिथे त्यांचं देऊळ, तिथेच.

पोप एक असले तरी त्या काळी विधीचा तपशील एक नव्हता. प्रत्येक कॅथीड्रलची जुनी रीत, कुठल्या रविवारी कुठली प्रार्थना, कुठला संत मोठा. तुर्कूने चौदाव्या शतकात डॉमिनिकन साधूंची रीत उचलली होती, म्हणून १४८८ च्या पुस्तकाचा मूळ साचा डॉमिनिकनांचा आणि त्यावर तुर्कूचे संत व कॅलेंडर.

आमचं भुसावळ आज नाशिक धर्मप्रांतात येतं, तो १९८७ मध्ये झाला. ग्रंथ आता एकच, पण धर्मप्रांताचे स्वतःचे दिवस कॅलेंडरमध्ये आजही वेगळे लागतात.

धुळे_ग्रंथपाल

दोघांचेही मनापासून आभार. आप्पा, जेवण झालं असेल तर एक शंका. बिशपांना छापून घ्यायची इतकी घाई का? लेखनिक होतेच की. आणि ल्यूबेक?

अमळनेरचा_जुळारी

झालं जेवण. भरीत होतं.

ल्यूबेकचं सोपं. फिनलंडमध्ये छापखानाच नव्हता, तो आला १६४२ मध्ये, तुर्कूच्या विद्यापीठासाठी. स्वीडनमध्ये योहान स्नेल नुकताच येऊन गेला होता, घोटान स्वतःही स्टॉकहोमला जाऊन स्ट्रेंगनेस धर्मप्रांताचा मिस्साग्रंथ १४८७ मध्ये छापून आला होता. म्हणजे उत्तरेकडच्या बिशपांना माणूस माहीत, माणसाला काम माहीत. ल्यूबेक हे बाल्टिक समुद्रावरच्या व्यापाराचं नाक. तिथून तुर्कूला माल जहाजाने जातच असे, त्यात पुस्तकांच्या पेट्या. पुस्तक बांधून नाही, सुटी पानं पाठवायची, बांधणी तिकडे.

घाईचं कारण माझ्या समजुतीने वेगळं आहे. प्रती कमी होत्या हे खरं, पण खरी डोकेदुखी पाठभेदाची. दर गावातल्या पुस्तकात वेगळा गाळ. एका लेखनिकाने ओळ सोडली, दुसऱ्याने समासातली टीप मजकुरात घेतली, तिसऱ्याने आपल्या गावचा संत घुसवला. बिशपला सगळ्या देवळांत एकच पाठ हवा होता, आणि एकदा शिशात आवळला की गावच्या फादरला हात घालता येत नाही. मिस्साग्रंथ छापणं हे माझ्या मते भक्तीपेक्षा कारभाराचं काम होतं. कोणाला राग आला तर येवो.

याची एक गोष्ट मला फार आवडते. रेगेन्सबुर्गच्या बिशपने १४८५ मध्ये आपला मिस्साग्रंथ छापून घेतला. छापलेल्या प्रती आल्यावर त्यांनी माणसं बसवून त्या मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या. आणि मग लिहिलं की अक्षर, शब्द, विरामचिन्ह सगळं जुळलं, जणू देवाचा चमत्कार. हसू नका. हस्तलिखितांत जन्म गेलेल्या माणसाला दोन प्रती हुबेहूब सारख्या असतील हे पटणार कसं? आम्ही जुळारी मात्र इतके भाबडे नसतो. छपाई चालू असताना चूक दिसली की मशीन थांबवून एक खिळा बदलतो, आधी निघालेली पानं तशीच गठ्ठ्यात जातात. त्यामुळे छापील प्रतीही सगळ्या सारख्या नसतातच. फरक इतकाच की आमच्या चुका शंभराने येतात.

सातपुड्याचा_वाटसरू

एक भर घालतो. धर्मप्रांताच्या मिस्साग्रंथांत सगळ्यात जुना 'मिस्साले स्पेशाले', कॉन्स्टन्स धर्मप्रांताशी जोडला जातो तो. तो गुटेनबर्गनेच बायबलाच्या आधी छापला. म्हणजे जगातलं पहिलं छापील पुस्तक मिस्साग्रंथ आहे. प्रदर्शनात हेच टाका, लोक थांबून वाचतील.

अमळनेरचा_जुळारी

भो, ते टाकू नका. ही समजूत होती खरी. ओटो हुप नावाच्या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तसं मांडलं, कारण त्यातला टाइप १४५७ च्या स्तोत्रपुस्तकातल्या लहान टाइपासारखा आणि छपाई ओबडधोबड. ओबडधोबड म्हणजे जुनं, असा हिशेब. माझ्या हाताखालच्या पोरांची कामं बघितली असती तर हा हिशेब केला नसता.

निकाल लावला कागदाने. जुना कागद तारांच्या साच्यावर उचलत. साच्यावर तारेने शिवलेली आकृती असे, तिचा ठसा कागदात उजेडाला धरल्यावर दिसतो. साचा वापरून वापरून ती तार सरकते, वाकते, शिवण तुटते. म्हणजे एकाच साच्याचा आजचा कागद आणि काही महिन्यांनंतरचा कागद वेगळा ओळखू येतो. अ‍ॅलन स्टीव्हन्सन या संशोधकाने १९६० च्या दशकात मिस्साले स्पेशालेतल्या या खुणा तारीख माहीत असलेल्या दुसऱ्या पुस्तकांतल्या कागदाशी ताडल्या. उत्तर आलं १४७३ च्या आसपास, आणि गाव बाझेल. गुटेनबर्ग तर १४६८ मध्येच वारला. टाइप जुना असू शकतो, खिळे हातोहात विकले जातात. कागद मात्र ताजाच घ्यावा लागतो, गोदामात वर्षानुवर्षं कोण पैसा अडकवेल?

सातपुड्याचा_वाटसरू

मान्य. मी वाचलेला लेख जुना होता. मग दुसरी भर, ही पक्की. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनच्या बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी प्रार्थनाग्रंथ छापून घेतला, १५१० मध्ये एडिंबरात, वॉल्टर चेपमनकडून, दोन भागांत. त्यासाठी राजा चौथा जेम्स याने १५०७ मध्येच चेपमन आणि अँड्र्यू मायलर यांना परवाना दिला होता. त्यात इंग्लंडच्या सॅलिस्बरी रीतीची पुस्तकं आणायला, विकायला बंदी, आणि स्कॉटिश संतांच्या कथा असलेली आपली पुस्तकं चालवायची. आप्पांच्या 'कारभार' या म्हणण्याला हे जुळतं. इथे तर राजकारणच झालं.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

नॉर्वेचंही तसंच. आर्चबिशप एरिक वाल्केन्डोर्फ यांनी १५१९ मध्ये निदारोस धर्मप्रांताची दोन पुस्तकं काढली, मिस्साग्रंथ कोपनहेगनला आणि प्रार्थनाग्रंथ पॅरिसला.

यांचं आयुष्य मात्र थोडं ठरलं. उत्तरेत लूथरची सुधारणा आली. बाकी ठिकाणी पोप पाचवे पायस यांनी १४ जुलै १५७० ला सगळ्यांसाठी एकच रोमन मिस्साग्रंथ लावला. ज्यांची रीत दोनशे वर्षांहून जुनी त्यांनाच सूट. डॉमिनिकनांना ती मिळाली, त्यांची रीत विसाव्या शतकापर्यंत चालली. म्हणजे ज्यांच्याकडून तुर्कूने उसनी घेतली त्यांची टिकली, तुर्कूचीच वेदीवरून गेली.

आपल्याकडे गोव्यात छापखाना १५५६ चा, आणि १५६८ मध्ये गोवा आर्चडायोसिसचे नियम तिथे छापले गेले. दोनच वर्षांनी रोमचा हुकूम आला.

ताई, तुर्कूच्या जुन्या लॅटिन पुस्तकांचं पुढे काय झालं तेही प्रदर्शनात घ्या. सोळाव्या शतकात स्वीडनच्या राजाच्या (फिनलंड तेव्हा त्याच्याच राज्यात) अंमलदारांनी सारावसुलीच्या वह्यांना वेष्टण म्हणून चर्मपत्राची पानं वापरली. चामडं मजबूत, फुकटात मिळालेलं. त्या वह्या हिशेब म्हणून स्टॉकहोमला जपल्या गेल्या आणि त्यांच्या पाठीला चिकटून हजारो पानं वाचली. आज ती हेलसिंकीला आहेत.

धुळे_ग्रंथपाल

हे तर अख्ख्या भिंतीचं सामान झालं! आप्पा, शेवटचं. पोरांना स्वतः काही शोधायला देता येईल का? पानावर बघून कळेल असं, लाल आधी छापलं की काळं?

अमळनेरचा_जुळारी

येईल. जिथे लाल आणि काळं अक्षर एकमेकांवर चढलंय अशी जागा हुडकायला सांगा, कॅलेंडरच्या पानांवर लाल-काळं खेटून असतं, तिथून सुरुवात करा. काळं वर असेल तर लाल आधी. पण पडद्यावर फसगत होते, काळी शाई खालीही असली तरी काळीच दिसते. लाल खरंच वर चढलेलं असेल तर काळ्यावर तांबूस साय धरल्यासारखी दिसते, तेवढी मोठी करून बघायची.

दुसरं, कोरे दाब. मोकळ्या जागेत कागद फाटू नये, दाब सारखा पडावा म्हणून मुद्रक रद्दी ओळी शाई न लावता भरून ठेवत. त्यांचे बिनशाईचे खळगे काही जुन्या पुस्तकांत दिसतात. ते स्कॅनवर सहसा उतरत नाहीत, कारण फोटो समोरून उजेड टाकून काढतात. पोरांना खळगा म्हणजे काय हे कळावं म्हणून मी ट्रेडलवर दोन रंगांचा एक नमुना काढून देतो. मजकूर तुम्ही द्या, पण बारा ओळींच्या वर नको आणि जोडाक्षरं बेतानेच, आता माझ्याकडे 'क्ष' फार उरले नाहीत. लाल शाई जळगावहून मागवावी लागेल, तिचे पैसे कॉलेजने द्यावेत. कागद आहे माझ्याकडे.